नीसमध्ये खासगी स्वयंपाकवर्ग घ्यावा का?

प्रश्न : मी सांगलीत राहते आणि घरून केक, बिस्किटे व दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त आम्ही दोघे मे महिन्याच्या मध्यावर फ्रान्सला जाणार आहोत. पॅरिसमध्ये चार रात्री, ल्योंमध्ये दोन आणि नीसमध्ये तीन असा बेत ठरला आहे. तिथे एखाद्या फ्रेंच व्यक्तीकडे खासगी स्वयंपाकवर्ग घ्यावा, अशी माझी फार इच्छा आहे. गटात शिकायचा मला धीर होत नाही, कारण इंग्रजी कामापुरतेच येते, फ्रेंच अजिबात येत नाही आणि चारचौघांत शंका विचारायला मी कचरते. मी अंडे खाते, पण मासे-मटण खात नाही. यजमान सगळे खातात. त्यांचे म्हणणे असे, की चार तासांसाठी चाळीस-पन्नास हजार रुपये घालवणे हा शुद्ध वेडेपणा आहे, यूट्यूबवर सगळे फुकट मिळते. वर्ग घ्यावा का, कोणत्या शहरात घ्यावा, काय शिकावे आणि परतल्यावर माझ्या ऑर्डरींना त्याचा उपयोग होईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सस्नेह नमस्कार.

वर्ग जरूर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तो पॅरिसमध्ये किंवा ल्योंमध्ये न घेता नीसमध्ये घ्यावा, आणि क्रोसाँ (लोण्याच्या थरांची भाजलेली गुंडाळी) आणि माकारों (बदामाच्या पिठाची बिस्किटे) यांच्या मोहात न पडता कणीक, ताजी भाजी आणि अंड्याची एखादी नाजूक क्रीम एवढ्यावरच भर द्यावा. असे का म्हणतो, ते आता सविस्तर सांगतो.

आधी यजमानांच्या आक्षेपाचे पाहू, कारण तो निम्मा खरा आहे. आपण पाककृती गोळा करायला जाणार असाल, तर हे पैसे खरोखरच वाया जातील. फ्रेंच स्वयंपाकाइतके बारकाईने लिहून ठेवलेले स्वयंपाकशास्त्र जगात फार थोडे असेल. ऑग्युस्त एस्कोफिए या फ्रेंच बल्लवाचार्यांनी 1903 मध्येच व्यावसायिक स्वयंपाकघरांसाठी हजारो कृती एका ग्रंथात बांधून ठेवल्या आणि आज त्यांतली जवळजवळ प्रत्येक कृती चलचित्रासह पाहता येते. पण व्हिडिओला आपले पातेले दिसत नाही. आपण जे करत आहोत ते बरोबर चालले आहे की बिघडण्याच्या बेतात आहे, हे त्या क्षणी सांगणारा माणूस शेजारी असणे, यासाठी खासगी वर्गाचे पैसे मोजायचे असतात. गटाच्या वर्गात आठ-दहा जणांमध्ये एक शिक्षक असतो. एकाने अंडी फेटायची, दुसऱ्याने कांदा चिरायचा, तिसऱ्याने फोटो काढायचे अशी वाटणी होते आणि शेवटी सगळे मिळून जेवतात. तो एक छान कार्यक्रम असतो, एवढेच. आपल्यासारख्या रोज हाताने काम करणाऱ्या बाईला त्यातून फारसे काही मिळणार नाही.

मी काय म्हणतो ते क्रेम आंग्लेझच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. अंड्यांचे बलक, साखर, दूध आणि व्हॅनिला एवढ्याच जिनसांची ही पातळ क्रीम असते. आइस्क्रीमपासून बव्हारवा या साच्यात थंड करून घट्ट केलेल्या क्रीमपर्यंत कितीतरी गोड पदार्थांचा पाया तीच असते. मिश्रण मंद आचेवर सतत ढवळत साधारण 82 ते 84 अंश सेल्सियसपर्यंत न्यायचे असते. त्याच्या खाली ते दुधासारखे पातळच राहते आणि 85 च्या वर गेले की बलक शिजून बारीक गुठळ्या होऊ लागतात, म्हणजे सगळा खेळ दोन-तीन अंशांत संपतो. अनुभवी माणूस थर्मामीटरकडे फारसा पाहत नाही. सुरुवातीला वर तरंगणारा फेस हळूहळू विरतो, लाकडी डाव फिरवताना मिश्रण किंचित जड लागू लागते, डाव बाहेर काढून त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली तर ती तशीच राहते, मिटत नाही. त्या क्षणी पातेले आचेवरून उतरवून मिश्रण लगेच थंड भांड्यात गाळून घ्यायचे. वाचताना हे सोपे वाटते. पण डाव जड लागणे म्हणजे नेमके किती जड लागणे, हे कोणीतरी आपल्या हातातला डाव स्वतःच्या हातात घेऊन, फिरवून आणि परत आपल्याला देऊनच सांगू शकते. एकदा मुद्दाम दोन अंश जास्त जाऊ द्यावे, क्रीम फाटू द्यावी आणि ती कशी दिसते, किती वाचवता येते, हेही शिक्षकाला करून दाखवायला सांगावे. गटाच्या वर्गात असले कोणी करून दाखवणार नाही, कारण तिथे पदार्थ चांगलाच व्हावा लागतो. खासगी वर्गात आपण तो मुद्दाम बिघडवून घेऊ शकता.

आता शहराचा प्रश्न. ल्योंचे नाव ऐकून मन ओढ घेणे स्वाभाविक आहे. युजेनी ब्राझिए या बाईंनी 1933 मध्ये दोन वेगवेगळ्या उपाहारगृहांसाठी प्रत्येकी तीन मिशेलिन तारे, म्हणजे मिशेलिन या फ्रेंच मार्गदर्शिकेचा सर्वोच्च दर्जा, मिळवला, त्या याच परिसरातल्या. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या पॉल बोक्यूज या नामवंत बल्लवाचार्यांचे नाव शहरातल्या बंदिस्त बाजाराला दिलेले आहे. पण ल्योंच्या घरगुती जेवणाचा प्राण मांसाहारात आहे. डुकराचे सॉसेज, जनावराच्या आतड्यांचे आणि जठराचे पदार्थ, पाइक नावाच्या माशाचे केनेल नावाचे मऊ गोळे या गोष्टींसाठी तिथल्या बुशों नावाच्या छोट्या खाणावळी प्रसिद्ध आहेत. शाकाहारी माणसाच्या वाट्याला तिथे ताज्या चीजमध्ये औषधी पाने, कांदा आणि लसूण घालून केलेले सेर्वेल द कानू आणि ओव्हनमध्ये खरपूस भाजलेले बटाट्याचे ग्रातें यांसारखे मोजकेच पदार्थ येतात. ल्योंमध्ये बाजार पाहावा, यजमानांना मनसोक्त जेवू द्यावे आणि वर्गाचा विचार सोडून द्यावा. सोमवारी मात्र तो बाजार बंद असतो.

पॅरिसमध्ये वर्गांची रेलचेल आहे आणि सगळ्यांत महाग वर्गही तिथेच आहेत. तिथे परदेशी पाहुण्यांना क्रोसाँचा वर्ग सर्वाधिक विकला जातो आणि त्याविषयी मला थोडे रोखठोक लिहायचे आहे. क्रोसाँची कणीक मळून बहुधा रात्रभर थंडीत विसावू द्यावी लागते, मग तिच्यात लोण्याचा थर घालून लाटणे, घडी घालणे आणि पुन्हा थंड करणे असे फेरे होतात, शेवटी आकार दिलेले तुकडे दीड-दोन तास फुगू द्यावे लागतात. हे तीन-चार तासांच्या वर्गात मावणे शक्यच नाही, म्हणून शिक्षक आदल्या दिवशी मळलेली, अनेकदा घड्याही घातलेली कणीक समोर ठेवतात आणि आपण फक्त त्रिकोण कापून गुंडाळतो. त्यात फसवणूक नाही, पण तेवढ्यासाठी खासगी वर्गाचे पैसे का द्यावेत? 1895 मध्ये स्थापन झालेल्या ल कॉर्दों ब्ल्यू या शाळेचे नाव आपण ऐकले असेल. तिथले छोटे वर्गही गटाचे असतात आणि आपल्याला तर गटच नको आहे.

नीस मात्र आपल्यासाठी बेतून ठेवल्यासारखे शहर आहे. भूमध्य समुद्राच्या काठचा हा भाग 1860 मध्ये फ्रान्सकडे आला. त्याच्या स्वयंपाकात लोण्यापेक्षा ऑलिव्ह तेल जास्त आणि मांसापेक्षा भाजीपाला जास्त. इथे हरभऱ्याच्या पिठाचे सोका नावाचे मोठे पातळ धिरडे तांब्याच्या रुंद परातीत लाकडाच्या भट्टीत भाजतात आणि त्याच पिठाची घट्ट उकड थापून, कापून, तळून पनिस करतात. पर्यटकांच्या वर्गात हे पदार्थ हमखास असतात. आपण ते टाळावेत. जुन्या गावातल्या गल्लीत उभे राहून गरम सोका जरूर खावा, वर भरपूर मिरपूड घालून घ्यावी. पण पाटवडी थापणाऱ्या बाईला पनिस शिकवायला कोणी लागत नाही. भोपळ्याच्या फुलांची भजीही तिथली खासियत आहे आणि तीही आपण घरीच करू शकाल.

मग शिकायचे काय? मे महिन्याच्या मध्याला रातातुई या मिश्र भाजीचा आग्रह धरू नये. टोमॅटो, वांगी आणि ढबू मिरची तिथे खऱ्या अर्थाने जुलैपासून पिकतात. त्याआधी मिळतात ती बहुतांशी काचघरातली असतात आणि त्यांना चव कमी असते. मे हा शतावरीचा, मटारचा, कोवळ्या पावट्यासारख्या फाव्हाचा, लहान जांभळ्या आर्टिचोकचा (ही न उमललेल्या कळीची भाजी) आणि स्ट्रॉबेरीचा महिना आहे. आर्टिचोक आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून शिकून उपयोग काय असे वाटेल. पण तो सोलायचा कसा, पाने कुठपर्यंत काढायची, देठ किती ठेवायचा, हे एकदा हाताने करून पाहण्यासारखे आहे. त्यात मला स्वतःला फार गंमत वाटते, म्हणूनही ते सुचवतो.

मुख्य पदार्थ मात्र तुर्त द ब्लेत हा घ्यावा. चार्ड या पालेभाजीचे सारण भरलेली ही दोन पाऱ्यांची बंद पेस्ट्री नीसची ओळख आहे. ती तिखटमिठाची करतात, तशी गोडही करतात, आणि गोड प्रकारात पालेभाजीबरोबर मनुका, चिलगोज्यांसारखे पाइनचे दाणे, साखर, अंडे आणि सफरचंद पडते. पालेभाजी आणि साखर हे ऐकायला विचित्र वाटले, तरी खाताना अजिबात खटकत नाही. पाने अगदी बारीक चिरून, पाण्यात वारंवार चोळून धुऊन, हिरवे पाणी निथळेपर्यंत पिळून घेतात, म्हणजे उग्रपणा जातो. ही पिळण्याची क्रिया पाहून ठेवण्यासारखी आहे, कारण पाणी राहिले तर खालची पारी कच्ची राहते. चार्ड आणि बीट या एकाच वनस्पतीच्या जाती आहेत, म्हणून सांगलीत परतल्यावर बीटाचा कोवळा पाला आणि पालक यांवर आपण हा पदार्थ उभा करू शकाल, आणि बेदाणे तर आपल्या गावचेच.

दुसरा पदार्थ लिंबाचा टार्ट, म्हणजे उघड्या पारीत लिंबाची क्रीम भरलेला गोड पदार्थ, असावा. नीसहून आगगाडीने पाऊण तासाच्या आत पोहोचता येईल अशा मांतों गावच्या लिंबाला 2015 पासून युरोपीय भौगोलिक मानांकन आहे. ते लिंबू आपल्या कागदी लिंबापेक्षा मोठे, सौम्य आणि सालीला अतिशय सुगंधी असते. आपल्याकडच्या लिंबाने हाच टार्ट केला, तर आंबटपणा वाढतो आणि सालीचा सुगंध बदलतो, म्हणून रस किती कमी करायचा आणि अंडे-साखरेचे प्रमाण कसे सांभाळायचे, हे शिक्षकाला थेट विचारावे. शक्य असेल तर एक-दोन कागदी लिंबे बाजारातच शोधावीत. हिरवी लहान लिंबे तिथे मिळतात आणि दोन्ही रस शेजारी ठेवून चाखता येतात.

या टार्टच्या निमित्ताने पात ब्रिझे ही कणीक शिकून होईल, आणि माझ्या मते आपल्या चार तासांतला सर्वांत मोलाचा भाग हाच ठरेल. करंजीच्या पाऱ्यांसाठी रवा-मैद्याला मोहन चोळताना आपण जे करता, तेच तत्त्व इथे आहे: स्निग्ध पदार्थ पिठाच्या कणांभोवती बसतो, चिवटपणा धरत नाही आणि पारी खुसखुशीत होते. फरक असा, की आपण मोहन कडकडीत घालतो आणि इथे लोणी फ्रीजमधून काढलेले, थंडगार घेतात. बोटांच्या टोकांनी ते भरभर चोळायचे, तळव्याची ऊब लागू द्यायची नाही. पीठ जाडसर वाळूसारखे दिसू लागले, मुठीत दाबल्यावर गोळा झाला आणि हलकेच दाबताच फुटला, की थांबायचे. मग अगदी थोडे थंड पाणी, आणि शेवटी तळव्याच्या टाचेने गोळा एकदा-दोनदा ओट्यावर पुढे रेटून चोळायचा, त्याहून जास्त नाही. आपल्या हाताला मळण्याची सवय आहे. खरी अडचण तीच होणार आहे, हात थांबणार नाही. शिक्षकाला आधीच सांगून ठेवावे, की मी जास्त मळू लागले तर मला थांबवा. टार्टची पारी आधी रिकामी भाजताना तिच्यावर कागद घालून कडधान्याचे वजन ठेवतात. किती वेळाने ते काढायचे आणि तळाचा रंग कसा ओळखायचा, हेही विचारून घ्यावे.

कणीक विसावत असताना क्रेम आंग्लेझ होते आणि आर्टिचोकही सोलून होतात. यजमानांची सोयही याच वेळात लावावी. कागदाच्या पुडीत बंद करून ओव्हनमध्ये शिजवलेला मासा ही फ्रेंच घरांतली साधी पद्धत आहे. पुडी स्वतंत्र असल्यामुळे आपल्या भांड्यांना मासा लागत नाही आणि ते काम यजमान स्वतः करू शकतात. खासगी वर्गाचे शुल्क बहुतेक ठिकाणी दोघांसाठी जवळजवळ तेवढेच असते, त्यामुळे त्यांना बाहेर खुर्चीवर बसवून ठेवण्यात शहाणपणा नाही. पुडी ताटात फुगून आली की यूट्यूबचा विषय कदाचित निघणार नाही, पण याची हमी मी देऊ शकत नाही.

शाकाहाराबाबत मात्र कसलीही भीडभाड न ठेवता आधीच लेखी ठरवून घ्यावे. “मी शाकाहारी आहे” एवढे लिहून भागत नाही, कारण फ्रान्समध्ये अनेक सज्जन माणसांना मासा किंवा मांसाचा रस्सा चालेल असे मनापासून वाटते. नीसच्या स्वयंपाकात अँकोव्ही या खारवलेल्या बारीक माशाचा वावर तर सर्वत्र असतो: पिसालादियेर या कांदा पसरून भाजलेल्या जाड रोटीवर तो असतो, ऑलिव्हच्या तापनाद नावाच्या चटणीत असतो, नीसच्या प्रसिद्ध सॅलडमध्येही असतो, आणि वाटून घातला असेल तर दिसतही नाही. कोंबडी किंवा वासराच्या हाडांचा रस्सा, डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, गोड पदार्थ घट्ट करायला वापरले जाणारे जिलेटिन या गोष्टींचीही नावे घेऊन नको म्हणावे. चीजचा प्रश्न आणखी बारीक आहे. कोंते किंवा रॉकफोरसारखी पारंपरिक चीज वासरासारख्या कोवळ्या जनावराच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेटने विरजतात आणि तुर्तमध्ये अनेकदा पडणारे पार्मेझानही तसेच असते. आपल्याकडच्या पाकिटांवर जो हिरवा ठिपका असतो, तसा ठिपका तिथे नसतो. हे आपल्याला चालते की नाही, याचा निर्णय सांगलीतच करावा, ओट्याशी उभे राहून करू नये. गोड तुर्तसाठी मनुका बहुधा रममध्ये भिजवतात, आणि भाजल्यावर अल्कोहोल पूर्णपणे उडून जाते ही समजूत खरी नाही. आपल्याला नको असेल, तर कोमट पाण्यात किंवा संत्र्याच्या रसात भिजवायला सांगावे.

वर्ग निवडताना बाजारापासून सुरू होणारा निवडावा. कूर सालेया हा नीसच्या जुन्या गावातला फुलांचा आणि भाज्यांचा बाजार सोमवार सोडून रोज सकाळी भरतो. सोमवारी तिथे जुन्या वस्तू विकायला येतात. म्हणून नीसच्या तीन रात्रींत सोमवार येत असेल, तर वर्ग त्या दिवशी ठेवू नये. लिबेरासियों भागातला बाजार पर्यटकांचा कमी आणि गावच्या गृहिणींचा जास्त आहे. तोही सोमवारी बंद असतो. मला विचाराल तर शिक्षकाला तिथे न्यायला सांगावे. बाजारात दुकानदाराला आधी बोंजूर म्हणून मगच काही विचारायचे, आणि माल स्वतः उचलून, दाबून पाहायचा नाही. मंडईत भेंडीचे टोक मोडून पाहणाऱ्या आपल्या हाताला तेवढा संयम ठेवावा लागेल. खरबूज मागितले, तर आज खायचे आहे की उद्या, असे दुकानदार विचारतो आणि त्याप्रमाणे निवडून देतो. मे महिन्यात 1 आणि 8 तारखेला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, असेन्शन या ख्रिस्ती सणाचा गुरुवारही बहुधा याच महिन्यात येतो आणि शेजारच्या कान शहरात चित्रपट महोत्सव असल्यामुळे त्या किनाऱ्यावर गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात. आरक्षण दोन-तीन महिने आधी करावे.

पैशांचे थोडक्यात. दोघांच्या अर्ध्या दिवसाच्या खासगी वर्गाला सर्वसाधारणपणे तीनशे ते सहाशे युरोंपर्यंत रक्कम पडू शकते, म्हणजे यजमानांचा अंदाज चुकलेला नाही. त्या रकमेत सामान, बाजारफेरी, जेवण आणि वाइन यांतले काय येते, हे विचारावे. आपण वाइन घेत नसाल तर तसे सांगून दर कमी होतो का, हे विचारण्यात कमीपणा नाही. सगळी रक्कम आगाऊ पाठवू नये. फ्रेंच कायद्यात आगाऊ रकमेचे दोन प्रकार आहेत: पावतीवर ‘आर’ असे लिहिले असेल, तर आपण रद्द केल्यास ती रक्कम बुडते आणि शिक्षकाने रद्द केल्यास त्याने दुप्पट परत करायची असते, ‘आकोंत’ असे लिहिले असेल, तर तो पक्का करार मानला जातो आणि माघार घेतल्यास उरलेल्या पैशांचीही मागणी होऊ शकते. ऑनलाइन खरेदीवर युरोपात मिळणारी चौदा दिवसांची माघारीची मुभा ठरावीक तारखेच्या अशा वर्गांना लागू होत नाही. व्हिसा हातात येण्याआधी पैसे भरत असाल, तर व्हिसा नाकारल्यास काय होईल, हे विचारून उत्तर ईमेलवर घ्यावे.

भाषेची काळजी मात्र सोडून द्यावी. कामापुरते इंग्रजी ओट्याशी पुरेसे असते, कारण निम्मे शिक्षण दाखवण्यात आणि चाखण्यात होते. आपले प्रश्न इथेच मराठीत लिहून काढावेत, घरातल्या कोणा तरुणाकडून सोप्या इंग्रजीत उतरवून घ्यावेत आणि वर्गाच्या आठवडाभर आधी शिक्षकाला पाठवावेत. प्रश्न कामाचे असावेत: माझा मैदा तुमच्या पिठाइतके पाणी घेत नसेल, तर मी कशावरून ओळखू? माझ्या गावी मे महिन्यात चाळीस अंश तापमान असते, लोणी थंड कसे ठेवू? असे प्रश्न आले, की शिक्षकालाही कळते, की समोरची बाई फोटो काढायला आलेली नाही. घरगुती स्वयंपाकघरात गेलात, तर जुन्या ओव्हनवर अंशांऐवजी 1 ते 10 असे आकडे दिसू शकतात; त्या आकड्याला तिसाने गुणले की साधारण सेल्सियस मिळते, म्हणजे 6 वर 180.

ऑर्डरींना उपयोग होईल का, या प्रश्नाचे उत्तर हो असे आहे, पण आपण कल्पना करता तसा होणार नाही. फलकावर नवे फ्रेंच पदार्थ वाढण्यापेक्षा आपल्या आजच्याच पदार्थांची पारी आणि केकमधली क्रीम सुधारेल. सामानातला फरक लक्षात ठेवावा. फ्रान्समध्ये लोण्यात किमान 82 टक्के स्निग्धांश असावा लागतो आणि आपल्याकडे 80. हा फरक लहान दिसतो, पण कणकेत पाणी किती घालायचे यावर त्याचा परिणाम होतो, आणि इथले खारे टेबल बटर टार्टला वापरू नये, बिनमिठाचेच घ्यावे. तिथली साधी पूर्ण क्रीम किमान 30 टक्क्यांची असते, तर आपल्याकडची नेहमीची फ्रेश क्रीम साधारण 25 टक्क्यांची असते आणि म्हणूनच ती फेटून उभी राहत नाही. शिक्षकाला आपल्या पाकिटाचा फोटोच दाखवावा. उन्हाळ्यात पात ब्रिझे पहाटे करावी आणि पीठ, परात, लाटणे रात्रीच फ्रीजमध्ये ठेवावे. एक विनंती मात्र आहे: परतल्यावर फलकावर “फ्रान्समध्ये प्रशिक्षित” असे लिहू नये. चार तासांच्या वर्गाला कोणी प्रशिक्षण म्हणत नाही, काही ठिकाणी शेवटी सुबक प्रमाणपत्र हातात देतात ते हौसेचे असते, आणि आपल्या कामाला त्या टेकूची गरजही नाही. पदार्थाची कृती वापरायला आपल्याला कोणाची आडकाठी नाही. शिक्षकाने दिलेली छापील पाने आणि त्यांचे फोटो जसेच्या तसे आपल्या जाहिरातीत टाकणे मात्र योग्य नव्हे.

वर्ग संपल्यावर बक्षिसी द्यावी लागते का, असेही मनात येईल. फ्रान्समध्ये ती बंधनकारक नसते. त्याऐवजी काही भेट न्यावीशी वाटली, तर दुधाचे काही नेऊ नये. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दूध-मांसाचे पदार्थ सामानातून आणायला मनाई आहे, त्यामुळे पेढे आणि तूप विमानतळावरच काढून घेतले जाण्याची शक्यता असते. सांगलीची हळद न्यावी. 2018 पासून तिलाही भौगोलिक मानांकन आहे, ती बंद पाकिटात नीट पोहोचते, आणि मांतोंच्या लिंबाविषयी भरभरून बोलणाऱ्या शिक्षकाला आपल्या हळदीविषयीही चार गोष्टी सांगता येतील.